निर्गम उताऱ्यापासून पदवीपर्यंत

जून-जुलैत सोलापुरातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर तासभर उभं राहिलं, की हे शहर कशाकशाने बनलं आहे ते दिसतं. रांगेतली मुलगी आईशी तेलुगूत बोलत असते. तिच्या मागचा अक्कलकोटकडचा मुलगा फोनवर वडिलांना कन्नडमध्ये काहीतरी विचारत असतो. दखनी बोलणाऱ्या दोघी बहिणी भिंतीला कागद टेकवून अर्ज भरत असतात. आणि खिडकीच्या आतून सगळ्यांना मराठीत एकच प्रश्न येतो, "उत्पन्नाचा दाखला आणला का?"

या खिडकीच्या आतल्या बाजूला मी शिष्यवृत्ती समितीचा सदस्य म्हणून बरीच वर्षं बसलो. फी भरायला पैसे नाहीत म्हणून शिक्षण सुटलं, असं आपण सहज म्हणतो. माझ्यासमोर जी मुलं सुटली, त्यातल्या पुष्कळांसाठी शासनाची एखादी तरी योजना होती. नव्हता तो एखादा कागद, किंवा तो आला तेव्हा मुदत संपलेली होती. म्हणून या लेखात योजनांची जंत्री देण्यापेक्षा त्या तुमच्या हातात कशा पडतील, यावर मी जास्त लिहिणार आहे. अकरावी-बारावीतली मुलं, त्यांचे आईवडील आणि त्यांच्या शाळांतले शिक्षक यांनी तो वाचावा, अशी इच्छा आहे.

आधी कागद

जातीच्या दाखल्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त वेळ तोच खातो. बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीला सहसा दाखला पुरतो. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग अशा व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असेल तर मात्र जात पडताळणीही लागते, म्हणजे बोलीभाषेतली 'व्हॅलिडिटी'. ती महिन्याभरात हातात पडेल असं धरून चालू नका. अकरावीत अर्ज करा. महाविद्यालयाचं शिफारसपत्र, वंशावळीचं शपथपत्र आणि कागदपत्रं खरी असल्याचं शपथपत्र या गोष्टी त्यासाठी लागतात. पण खरा जीव जातो तो जुना पुरावा शोधण्यात.

हा पुरावा किती जुना हवा, ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे. त्या तारखेला तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांना यातली शेवटची तारीख पाठ असायला हवी. पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो आणि यातली बरीच घराणी पूर्वी तेलंगणातून मागाच्या आणि गिरणीच्या कामासाठी इथे आलेली आहेत. गावाकडचा कागद तिकडचा, इकडचा कागद अलीकडचा, अशी त्यांची कोंडी होते.

यातून वाट आहे. वडिलांच्या बाजूचं कोणीही रक्ताचं नातेवाईक १९६७ च्या आधी इथल्या शाळेत गेलं असेल, तर त्या शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रत, काढा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबा, मोठे काका, आत्या यांची चौकशी करा. आत्याची नोंद चालते, हे अनेकांना माहीतच नसतं, कारण आत्या लग्न होऊन गेली की तिचं आडनाव बदलतं आणि घरच्यांच्या लक्षातून तिची शाळाही जाते. महापालिकेच्या जन्ममृत्यू नोंदवहीत एखादी नोंद सापडते. आजोबा शहरातल्या 'जुनी गिरणी' किंवा 'लक्ष्मी-विष्णू' या कापड गिरण्यांत कामाला असतील, तर हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, नोकरीचा दाखला असं काही जुन्या पेटीत असू शकतं. त्याने जात सिद्ध होणार नाही, पण रहिवासाला आधार मिळतो. आणि सगळ्यांत सोपी वाट आधी तपासा: वडील, सख्खा भाऊ, काका किंवा चुलतभाऊ यांपैकी कोणाला पडताळणी प्रमाणपत्र मिळालेलं आहे का? असेल तर अर्धं काम झालंच म्हणून समजा. घराण्यात पहिल्यांदा ज्याला ते मिळतं, त्याने त्याच्या छायाप्रती सगळ्या भावंडांना वाटाव्यात. भाऊबंदकीत बोलणं बंद आहे म्हणून हा कागद अडवून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्याच घराण्यातल्या पोरांचं वर्ष त्यामुळे जातं.

दुसरी अडचण नावाची. तेलुगू घरांत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, अशी रीत. शाळेत मराठी पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधार कार्डावर तिसराच प्रकार आणि बँकेच्या पासबुकावर चौथा. माणूस एकच असतो, पण संगणकाला तो चार माणसं वाटतो आणि अर्ज परत येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे तसंच आधारवर करून घ्या आणि मग त्या आधारवरून बँकेत खातं उघडा. क्रम उलटा केला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. आडनावाचं स्पेलिंगही दोन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच असू द्या.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आधीच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यात यावं म्हणून तो एप्रिलनंतर काढा, पण जूनच्या गर्दीची वाट पाहू नका. इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि भटक्या जमातींतल्या मुलांनी, धनगर समाजातल्याही, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला त्याच फेरीत काढून घ्यावा. विड्या वळणाऱ्या आईचं आणि यंत्रमागावर जाणाऱ्या वडिलांचं उत्पन्न कुठल्या पगारपत्रकावर नसतं. तिथे स्वयंघोषणा आणि चौकशी यांवर काम चालतं. खरा आकडा सांगा, आणि आई व वडील या दोघांचाही सांगा.

कुठली योजना कोणासाठी

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरायचे असतात. अनुसूचित जाती आणि जमातींतल्या ज्या विद्यार्थ्यांचं कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिच्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता येतो. उत्पन्न त्याहून जास्त असलं तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शुल्काची प्रतिपूर्ती मिळू शकते. "आमचं उत्पन्न तीन लाख आहे, मग आपलं काही नाही," असं म्हणून परत जाऊ नका.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय महत्त्वाचा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. यातले 'केंद्रीभूत प्रक्रियेतून' हे शब्द नीट लक्षात ठेवा. ओळखीने व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत लागू नाही. पंचवीस किलोमीटरवरचं महाविद्यालय नको म्हणून जवळचं व्यवस्थापन कोट्यातून घेतलं आणि चार वर्षांची फी अंगावर आली, असं होऊ देऊ नका. पदविका किंवा अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची. त्याच परिषदेची सक्षम ही दिव्यांगांसाठी आणि स्वनाथ ही प्रामुख्याने अनाथ मुलांसाठी आहे.

आता खास सोलापूरची गोष्ट. या शहरात हजारो घरांची चूल विडीवर पेटते आणि ती पेटवणाऱ्या बहुतेक बायका आहेत. केंद्राच्या श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करायचा असतो. अकरावी-बारावीला वर्षाला ३,०००, आयटीआय, पदविका आणि साध्या पदवीला ६,०००, व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये, अशी तिची रचना आहे. त्यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र हवं. आई घरी विड्या वळते आणि माल दुसऱ्याच्या कार्डावर देते, असं पुष्कळ घरांत चालतं. त्या सोयीत मुलांची शिष्यवृत्ती जाते. आईच्या नावाचं कार्ड काढा, ते चालू ठेवा आणि लॉगबुक जपून ठेवा.

वडील गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी किंवा बिगारी असतील, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी करा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला त्यासाठी लागतो. नोंदणी चालू असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना अकरावी-बारावीत वर्षाला १०,०००, पदवीला २०,०००, अभियांत्रिकीला ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणाला १ लाख रुपये मिळतात. रकमांची तुलना करून पाहा, म्हणजे कुठला अर्ज आधी धरायचा ते कळेल. एकाच शिक्षणासाठी दोन शासकीय शिष्यवृत्त्या घेणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि दोन्हीकडे अर्ज करून ठेवला तर कधी कधी दोन्ही अडकतात. घरात बसून वहीवर हिशेब मांडा: कोणती योजना फी देते, कोणती हातखर्च देते, आणि दोन्ही एकत्र चालतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारा. कार्यालयात दुसऱ्या कोणाहीपेक्षा तुमच्या उपयोगाचा माणूस तोच आहे.

सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याकडून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांचा प्रश्न फीपेक्षा राहण्याचा असतो. आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, आणि इतर मागास, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांत राहणं, जेवण आणि इतर खर्चाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. खोलीचा भाडेकरार आणि हजेरी यांचे पुरावे लागतात, म्हणून घरमालकाकडून करार लेखी करून घ्या. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सात रस्त्याजवळच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन समाजकल्याणच्या योजनांची एकदा प्रत्यक्ष चौकशी करा. समोर बसून विचारलेलं नीट समजतं.

प्रवेश झाल्यानंतर

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं मानणारे सर्वांत जास्त फसतात. तो आधी महाविद्यालयाकडे जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली की तो तुमच्या लॉगिनवर परत येतो आणि तिथे कोणी पाहिलं नाही तर तसाच पडून राहतो. दर आठवड्याला लॉगिन करून पाहा. सायबर कॅफेवाल्याने भरलेला अर्ज असेल तर पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक तुमचाच असल्याची खात्री करा. दुकानदाराचा क्रमांक दिल्याने ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो दुकान बंद करून गावी गेलेला असतो, हे दरवर्षी घडतं.

मंजुरीनंतर पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी तेच खातं जोडलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन दुसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत विचारा. एका विद्यार्थिनीची रक्कम तिच्या लहानपणी उघडलेल्या आणि बंद पडलेल्या खात्याकडे जात राहिली. ती कुंभारीच्या विडी घरकुलातून रोज शहरात यायची. वर्ष संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. महाविद्यालयाने तोवर फीसाठी तिचा निकाल रोखून धरला होता. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही कोणी मागितलं तर भांडू नका, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. आणि शुल्काची रक्कम तुमच्या खात्यात आली की ती महाविद्यालयाला भरायची असते, हेही विसरू नका. त्या पैशातून मोबाइल घेतलेली मुलं पुढच्या वर्षी अडकतात.

फी माफ झाल्यावर खर्च संपत नाही, हे सांगायला मला कुंभारीपेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही. तिथे गोदूताई परुळेकर विडी कामगारांची वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर या नव्या वसाहतीतली १५,००० घरं कामगारांना मिळाली. हक्काचं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट. पण महाविद्यालय शहरात राहिलं. रोजचं येणंजाणं, वह्या, प्रात्यक्षिकाचं साहित्य, एखाद्या दिवशी डबा नसला तर बाहेरचं खाणं, हे सगळं कुठल्या योजनेत लिहिलेलं नसतं आणि मुलगी याच खर्चापायी गैरहजर राहू लागते. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात भाड्याच्या सुमारे दोन तृतीयांश सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत तो मोफत आहे. पास काढायला महाविद्यालयाचा दाखला लागतो. तो प्रवेशाच्याच दिवशी मागून घ्या.

फीपलीकडचा असा आधार दिला तर काय होतं, ते परदेशातल्या एका प्रयोगातून दिसतं. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने, सिटी युनिव्हर्सिटीने, २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. उरलेली फी भरायची, प्रवासाचा पास द्यायचा, पुस्तकांना मदत करायची आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची नियमित विचारपूस करणारा एक सल्लागार द्यायचा, हा त्याचा मुख्य भाग होता. तपासणी झाली तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण या गटात ४० टक्के निघालं. ज्यांना हा आधार नव्हता त्यांच्यात ते २२ टक्के होतं. आपल्याकडे फी आणि पास मिळू शकतात, पुस्तकपेढी बहुतेक महाविद्यालयांत असते. विचारपूस करणारा माणूस मात्र कुठल्या शासन निर्णयातून येत नाही. तो महाविद्यालयाने नेमायचा आहे. सोलापुरात तर तेलुगू किंवा कन्नड बोलणारा एखादा शिक्षक, तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी जून-जुलैत मदत टेबलावर बसवला, तरी कितीतरी आया न घाबरता प्रश्न विचारतील. प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी हे या वर्षी करावं. पैसा लागत नाही.

कमवा आणि शिका ही तर आपल्याच मातीतली कल्पना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते त्याच तत्त्वावर. आज विद्यापीठात आणि बऱ्याच महाविद्यालयांत ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा कामांतून मानधन मिळतं. काम करायला लाजू नका. मात्र रात्रपाळीच्या टॉवेल कारखान्यात काम करून सकाळी वर्गात पेंगणारा मुलगा दिसला, तर शिक्षकांनी आधी त्याचं नाव या योजनेत घालावं.

वर्गात किंवा वसतिगृहात जातीवरून वेगळं वागवलं गेलं, टोमणे मारले गेले, तर गप्प बसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. राज्याच्या समाजकल्याण विभागानेही महाविद्यालयांत समान संधी केंद्रं सुरू केली आहेत. तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून तक्रार द्या. दिव्यांग विद्यार्थ्यांना २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिल्या आहेत. लेखनिक किंवा परीक्षेतला जास्तीचा वेळ हवा असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा, हॉल तिकीट आल्यावर नाही.

आणि ज्यांचं शिक्षण आधीच सुटलं आहे, त्यांना दोन शब्द. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करत करत पदवी घेता येते. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाचं शिक्षण पूर्ण केलं असेल तर त्याचे श्रेयांक (क्रेडिट) तुमच्या नावावर जमा राहतात आणि परत येऊन पुढे शिकता येतं. मुलीचं लग्न ठरलं म्हणून नाव काढून घेण्याआधी महाविद्यालयाला हे एकदा विचारा.

बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नका. तुमच्या घरात वडिलांच्या बाजूने सर्वांत आधी शाळेत कोण गेलं होतं आणि कुठल्या शाळेत, हे आज रात्री जेवताना विचारा. सोमवारी सकाळी त्या शाळेत निर्गम उताऱ्याचा अर्ज द्या.